महासंगणकाचे वेळापत्रक

दरवर्षी शाळा सुरू होताना वेळापत्रक बसविण्याचे काम माझ्याकडे येते. एक शिक्षक रजेवर गेला की चार वर्गांची घडी विस्कटते. म्हणूनच महासंगणकाचा इतिहास वाचताना त्याच्या वेगापेक्षा मला त्याच्या वेळापत्रकाचेच अधिक कुतूहल वाटले.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याच विदर्भातील, अकोला जिल्ह्यातल्या मुरांबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर नागपूरला अभियांत्रिकी शिकले. प्रगत महासंगणक देण्यास अमेरिकेने आढेवेढे घेतले, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ उभा केला. एका बलाढ्य यंत्राऐवजी ट्रान्सप्यूटर नावाच्या अनेक चिप्स जोडून तो केलेला होता. कामे पाळीपाळीने घेण्याची सोय या चिपच्या पोटातच होती, हे विशेष.

परंतु खरी अडचण पुढेच आहे. एकाच गणिताचे शंभर तुकडे शंभर चिप्सना वाटले आणि एकीला दुसरीचे उत्तर हवे असताना ती दुसरी भलतेच काम करीत बसली, तर पहिलीने काय करावे? एका कामाचे सर्व तुकडे एकाच वेळी चालू करावेत, हा मार्ग जॉन औस्टरहौट यांनी १९८२ मध्ये मांडला. घंटा झाली की सर्व वर्ग एकदम सुरू, तसेच हे!

दुसरा प्रश्न रांगेचा. मोठ्या कामाला पुरेशी यंत्रे मोकळी होईपर्यंत थांबावे लागते. तोवर मोकळी झालेली यंत्रे रिकामी राहतात. अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत १९९५ च्या सुमारास तोडगा निघाला. मोठ्याची पाळी येण्याआधी संपणारे छोटे काम मध्ये घ्यावे. मात्र मोठ्याला उशीर होता कामा नये. यासाठी किती वेळ लागेल ते प्रत्येकाने आधी सांगायचे. सांगितलेली वेळ संपली की काम अर्ध्यावरच बंद! या भीतीने लोक वेळ वाढवूनच सांगतात. दाखल्याच्या खिडकीवर ‘दोनच मिनिटांचे काम आहे’ म्हणणारे आपण, नेमके उलटे.

सर्वांत बोधप्रद हकिगत लॉस अलामॉस येथील ८,१९२ प्रोसेसरांच्या ‘क्यू’ यंत्राची. हिशेबाप्रमाणे वेग मिळेना. प्रत्येक चौकडीतील एक प्रोसेसर मोकळा ठेवला, तर काम उलट लवकर होई! २००३ मध्ये संशोधकांना कारण सापडले. प्रचालन प्रणालीची बारीकसारीक घरकामे कधी इथे, कधी तिथे मध्येच उपटत. एक जण क्षणभर थांबला की त्याच्यासाठी हजारो खोळंबत. ती घरकामे कमी केली, उरलेल्यांची नीट व्यवस्था लावली आणि एकही नवा सुटा भाग विकत न घेता एका मोठ्या गणिताचा वेग सुमारे दुप्पट झाला.