जंगलात सापडलेली पेटी : कल्पना चावला आणि कोलंबियाचा शोध

२ एप्रिल २०२२ची, गुढीपाडव्याची संध्याकाळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. आकाशातून जळते पट्टे सरकताना आपल्या भागातल्या लोकांनी पाहिले. मग सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची मोठी रिंग सापडली, पवनपारकडे पोकळ गोळा सापडला. तो चिनी रॉकेटचा अवशेष असावा, असं जाणकारांनी सांगितलं. वरून पडलेला तुकडा आपल्याला काय सांगू शकतो, हे समजून घ्यायला आज आपण अशाच एका दूरच्या जंगलात जाणार आहोत.

१ फेब्रुवारी २००३. १६ दिवसांची मोहीम संपवून कोलंबिया यान परतत होतं. उतरायला १६ मिनिटं उरली असताना ते टेक्सासच्या आकाशात फुटलं. सातही अंतराळवीर गेले. त्यांत कल्पना चावला होती.

कल्पना हरियाणातल्या कर्नालची. १९८२ साली चंदीगडहून विमान अभियांत्रिकीची पदवी घेऊन ती अमेरिकेला गेली. १९८८मध्ये डॉक्टरेट, १९९४मध्ये नासात अंतराळवीर म्हणून निवड आणि १९९७मध्ये पहिलं उड्डाण. अंतराळात गेलेली ती भारतीय वंशाची पहिली स्त्री. त्या पहिल्याच फेरीत स्पार्टन नावाचा उपग्रह सोडताना गडबड झाली. यंत्रहात कल्पनाच्या हाती होता, तेव्हा बोटंही तिच्याकडेच गेली. चौकशीअंती दोष निघाला तो सॉफ्टवेअरच्या जुळणीत आणि ठरवलेल्या कार्यपद्धतीत.

आता दुसऱ्या उड्डाणाकडे येऊ. १६ जानेवारी २००३ला यान सुटलं आणि सुमारे ८२ सेकंदांनी इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला. वजन जेमतेम पाऊण किलो. दुसऱ्या दिवशी चित्रफितीत तो आघात दिसलाही. काही अभियंत्यांनी विनंती केली, की कक्षेतल्या यानाच्या पंखाची छायाचित्रं मिळवा. ती घेतली गेली नाहीत. फोम तर याआधीही निखळला होता, तेव्हा काही बिघडलं नव्हतं, असा वरिष्ठांचा हिशेब. परतताना पंखाच्या भोकातून तापलेला वायू आत शिरला.

हे सिद्ध कसं झालं? इथे जंगलाची माणसं येतात. पूर्व टेक्सासच्या पाइनच्या रानात हजारो लोक आठवडेच्या आठवडे रांग धरून, काट्याकुट्यांतून, दलदलीतून चालले. त्यांत वणवा विझवणारी पथकं होती, अमेरिकेतल्या आदिवासी जमातींचे लोकही होते. शोधाचं हेलिकॉप्टर कोसळून दोघांचा जीव गेला. ८४,०००हून अधिक तुकडे गोळा झाले, तरी वजनाने ते यानाच्या ३८ टक्केच. आणि १९ मार्चला हेम्फिल गावाजवळ वणवेवाल्यांच्या एका पथकाला एक पेटी सापडली. यानातल्या संवेदकांच्या नोंदींची फीत तिच्यात शाबूत होती. बिघाड डाव्या पंखाच्या पुढच्या कडेपासून सुरू झाला, याला तिने दुजोरा दिला. जुलैत प्रयोगशाळेत तसाच फोम तशाच पंखाच्या भागावर मारला, तर हात जाईल एवढं भगदाड पडलं.

चौकशी मंडळाने ऑगस्टमध्ये अहवाल दिला. फोमइतकीच जबाबदार नासाची कामाची पद्धत आहे, असं त्यात स्पष्ट नोंदवलं होतं.

अपघातानंतर चारच दिवसांत भारताने आपल्या हवामान उपग्रहाला ‘कल्पना-१’ हे नाव दिलं. पुढे कितीतरी पावसाळे त्याने ढगांची चित्रं पाठवली. आपल्याकडचा धानाचा शेतकरी ज्या ढगांची वाट बघतो, तेच ढग.

आपल्या आश्रमशाळांतल्या मुलींना आपण कल्पनाची गोष्ट सांगतो, ती बहुतेक ‘मोठी स्वप्नं बघा’ एवढ्यावर संपते. यापुढे पेटीची गोष्टही सांगू या. एखादी मुलगी उठून म्हणाली, ‘सर, इथे काहीतरी चुकतंय,’ तर तिला खाली बस म्हणण्याआधी आपण त्या पंखाकडे एकदा बघायला हवं.