एमआरएल उंदीर
एमआरएल ही प्रयोगशाळेतील उंदरांची एक वंशशाखा. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये एलन हेबर-कॅट्झ स्वप्रतिकार रोगांच्या अभ्यासासाठी ती वापरत होत्या. ओळखीसाठी उंदरांच्या कानांना भोके पाडतात. काही आठवड्यांनी पाहावे तो भोके बुजलेली! सुमारे २ मिलिमीटरचे भोक महिन्याभरात भरते, कूर्चाही नव्याने येते, वण जवळजवळ राहत नाही. हे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पण ‘वण न ठेवणारे उंदीर’ असे त्यांना सरसकट म्हणणे घाईचे ठरेल : त्यांच्याच पाठीवरच्या जखमा वण ठेवून भरतात. शिवाय उंदराची जखम मुख्यतः कातडी आकसून मिटते, माणसाची तितकी नाही. म्हणून अशा प्रयोगांत जखमेभोवती सिलिकोनचे कडे शिवतात.