पेन्सिल सेलपासून डॉकपर्यंत

हातात धरून खेळायच्या गेमची कुळकथा पेन्सिल सेलपासून सुरू होते. निन्टेंडोचा गेम बॉय १९८९ मध्ये आला, तेव्हा त्याला चार सेल लागत. त्याचा कर्ता गुनपेई योकोई याने रंगीत पडदा टाळला, पडद्यामागचा दिवाही टाळला, कारण सेल टिकायला हवे होते. पुढच्याच वर्षी सेगाचा गेम गियर उजळ, रंगीत पडदा घेऊन आला आणि सहा सेल तीन ते पाच तासांत संपवू लागला. योकोईची काटकसर मला आजही मोलाची वाटते. शिवाय सेल कुठल्याही दुकानात मिळे आणि कुठल्याही कंपनीच्या यंत्रात बसे.

ही सोय गेली ती २००३ मध्ये. गेम बॉय ॲडव्हान्स एसपी या घडी होणाऱ्या यंत्रात निन्टेंडोने प्रथमच चार्ज होणारी बॅटरी आतच बसवली आणि चार्जरला स्वतःची वेगळी पिन दिली. हेडफोनची जागाही काढून टाकली. हेडफोन लावायचा तर चार्जिंगच्या भोकातच वेगळी जोडणी खुपसावी लागे. २००४ च्या डीएसला हाच चार्जर चालला, २००६ च्या डीएस लाइटला चालेना, २००८ च्या डीएसआयची पिन पुन्हा निराळी. सोनीचेही तेच: पीएसपीची पिन गोल, २०११ च्या व्हिटाची चपटी आणि खास तिच्यापुरती. घराघरांत निकामी चार्जर साठले, ते या हट्टापायी.

सर्व कंपन्यांना वापरता येईल अशी यूएसबी-सी ही सामाईक पिन २०१४ मध्ये ठरली आणि ३ मार्च २०१७ ला आलेल्या निन्टेंडो स्विचने ती घेतली. स्विचच्या डॉकमध्ये, म्हणजे त्याला टीव्हीशी जोडणाऱ्या बैठकीत, तळाशी एक पिन उभी असते. यंत्र वरून सरकवले की त्याच पिनेतून वीज आत येते आणि टीव्हीसाठीचे चित्र बाहेर जाते. मात्र जास्त व्होल्टची वीज वाहण्याआधी बोलणी होतात: आपण किती व्होल्ट देऊ शकतो ते चार्जर सांगतो, आणि यंत्र त्यातून निवडते. हा डॉक १५ व्होल्ट मागतो. त्याच्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘१५ व्होल्ट, २.६ अँपिअर’ छापलेले असते, ते म्हणूनच. पाच आणि नऊ व्होल्टच देणारा फोनचा चार्जर स्विचला हळूहळू चार्ज करतो, पण डॉकला लावला तर टीव्हीवर चित्र येत नाही. मार्च २०१८ मधल्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर तर इतर कंपन्यांच्या काही डॉकवर ठेवलेले स्विच बंदच पडल्याच्या तक्रारी आल्या. पिन बसली म्हणजे जुळले, हा समज तेव्हा अनेकांना महागात पडला.

२०२२ च्या स्टीम डेक या हातातल्या कन्सोलने अधिक मोकळी वाट धरली. त्याचा चार्जर ४५ वॉटचा, आणि टीव्हीला जोडायला लॅपटॉपचा साधा यूएसबी-सी हबही चालतो. मला हीच रीत योग्य वाटते.

२८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या हातातल्या कन्सोलना यूएसबी-सी सक्तीची झाली. पण तो नियम चार्जिंगपुरता आहे. डॉकमधून चित्र कसे जावे, याबद्दल तो काहीच सांगत नाही. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ च्या डॉकला २० व्होल्टचा, ६० वॉटचा चार्जर लागतो. तो चार्जर फोनला खुशाल लावा, पण पहिल्या स्विचचा डॉक स्विच २ ला चालत नाही.