मखमलीवरील चित्रांची अस्सलता : एडगर लीटेगची चित्रे
एडगर लीटेग (१९०४–१९५३) हा अमेरिकन चित्रकार १९३३ मध्ये ताहितीस गेला व पुढे शेजारच्या मोरेआ बेटावर राहून त्याने काळ्या मखमलीवर तेथील स्त्रीपुरुषांची चित्रे काढली. होनोलुलूचा विक्रेता बार्नी डेव्हिस याने त्यांस गिऱ्हाईक मिळवून दिले. मागणी असलेला विषय लीटेग स्वतःच पुनःपुन्हा रंगवीत असे. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रती आढळल्या, एवढ्यावरून त्यांपैकी एक बनावट ठरत नाही. सहीचे अनुकरणही सहज करता येते. म्हणून पुरावा प्रथम कापडात व रंगाच्या कामात शोधला पाहिजे. लीटेगच्या पातळ थरांखाली मखमलीची लव मोकळी राहते आणि छायेचे काम न रंगविलेले काळे कापडच करते. कापड पॉलिएस्टरचे निघाल्यास चित्र १९५३ पूर्वीचे असण्याचा संभव फार थोडा.

१९७० च्या दशकात मेक्सिकोतील सिउदाद ह्वारेस येथे अशा चित्रांचे कारखाने चालत. एका कारागिराने आपला भाग रंगवून चित्र पुढच्याकडे सरकवावे, अशी तेथील रीत होती. ही चित्रे लीटेगची म्हणून विकणे ही फसवणूक होय. परंतु ह्वारेसची म्हणून जपल्यास तीच तत्कालीन श्रमविभागणीचा व लोकरुचीचा अस्सल पुरावा ठरतात. तेव्हा चित्र खरे की खोटे, हे ठरविण्यापूर्वी ते कोणाचे म्हणून पुढे केले आहे, हे पाहणे इतिहासकारास अवश्य आहे.