बिघाडातून घडलेलं यंत्र

१९३७ साली अमेरिकेत ‘बेन्डिक्स’चं स्वयंचलित वॉशिंग मशीन विक्रीला आलं. धुणं, खळबळणं आणि पिळणं ही तिन्ही कामं ते एकाच पिंपात उरकत असे, मध्ये कुणी हात घालायची गरज नव्हती. जॉन चेंबरलेन या अभियंत्याच्या रचनेवर ते बेतलेलं होतं. पण मशीन नुसतं विकत आणून भागत नसे. आतल्या पिंपाला कशाचाच लवचीक आधार नव्हता. पिळायच्या वेळी ओले कपडे एका बाजूला गोळा झाले की सगळं धूड थरथरत जागचं हलायचं आणि चालायला लागायचं. त्यामुळे त्याला बोल्ट मारून जमिनीत जखडून टाकावं लागे. लाकडी तक्तपोशीच्या किंवा भाड्याच्या घरात हे प्रकरण जडच होतं.

आजच्या फ्रंट लोड मशीनमध्ये पिंप वरून स्प्रिंगांवर टांगलेलं असतं, खालून त्याला शॉक अ‍ॅब्जॉर्बर असतात आणि सोबत सिमेंटचे जड ठोकळे बसवलेले असतात. एवढा सगळा खटाटोप त्या जुन्या चालण्यावरचा इलाज आहे. या इलाजानं आपली नवी कटकटही आणली. प्रवासात टांगलेलं पिंप आदळू नये म्हणून कंपन्या मागून लांब ट्रान्झिट बोल्ट लावून मशीन पाठवतात. ते काढायचे राहिले, तर पहिल्याच पिळणीला मशीन बाथरूमभर फिरतं.

वॉशिंग मशीनचा इतिहास शोधांच्या यादीपेक्षा तक्रारींच्या यादीतून जास्त नीट कळतो. ज्या भागाची आपण आज निगा राखतो, तो बहुतेक वेळा आधीच्या कुठल्यातरी दुखण्यावरचा उपाय असतो आणि पुढे तोच नवं दुखणं होऊन बसतो.

सुरुवात विजेपासून झाली. शिकागोच्या हर्ली कंपनीनं ‘थॉर’ हे विजेवरचं मशीन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर बाजारात आणलं. अल्वा फिशर यांच्या नावावरचं त्याचं पेटंट १९१० सालचं आहे. त्या काळातल्या बऱ्याच मशीनची मोटर पिंपाखाली उघडीच असे. पिंप गळलं की पाणी थेट मोटरवर पडे आणि धुणारीला झटका बसे. मोटरवर आवरण आलं, तारांना अर्थिंग आलं, ते यानंतर. आजही मशीनला हात लावला आणि झिणझिण्या आल्या, तर मेकॅनिक आधी प्लगमधलं अर्थिंग तपासतो आणि मग मशीन उघडतो.

पिळण्याची कथा याहून भयंकर आहे. आयोवा राज्यातल्या न्यूटन गावच्या मेटॅग कंपनीनं १९२२ साली पिंपाच्या तळाशी फिरणारी रवी बसवली. त्यामुळे पाणीच कपड्यांतून घुसळलं जाऊ लागलं आणि धुणं सोपं झालं. पण पिळायला वर रबरी रुळांची जोडी होती ती होतीच, आणि आता ती मोटरवर फिरत होती. कपड्याबरोबर बोटं आत ओढली जात, लहान मुलांचा तर कोपरापर्यंत हात जाई. १९३८ साली या जखमांचं वर्णन वैद्यकीय लेखनात आलं आणि त्यांना स्वतंत्र नावही मिळालं. रूळ झटक्यात सैल करणारी कळ हा त्यावरचा एक तोडगा होता. रूळच काढून टाकून कपडे वेगानं फिरवून पाणी उडवायचं, हा कायमचा. पण वेगानं फिरणाऱ्या पिंपातही हात जाऊ शकतो, म्हणून झाकणाला स्विच आणि पिंपाला ब्रेक लागला. घरच्या सेमी-ऑटोमॅटिकचा स्पिनर फिरेनासा झाला की झाकणाखालचा हा छोटा स्विच आधी बघायचा असतो. तो बिघडला म्हणून वायर ‘डायरेक्ट’ जोडून घेणं म्हणजे त्या रुळांचा धोका पुन्हा घरात आणणं.

आपल्याकडच्या मशीनची वंशावळ मात्र अमेरिकेपेक्षा जपानशी जवळची आहे. १९५३ साली सान्योनं ब्रिटनच्या हूवर मशीनवरून प्रेरणा घेऊन पिंपाला एक चपटी चकती बसवली. ही चकती म्हणजे पल्सेटर. मशीन लहान झालं आणि किंमत उतरून २८,५०० येनवर आली. जपानी मध्यमवर्गाच्या घरात टीव्ही आणि फ्रिजच्या जोडीला वॉशिंग मशीन पोचलं. पल्सेटर कपडे जोरात घुसळतो, त्यामुळे सुताचा बारीक भुसा सुटून गडद कपड्यांवर चिकटायचा. कंपन्यांचे अभियंते त्याच्याशी झगडत असताना १९६०च्या दशकाअखेरीस एका जपानी गृहिणीनं पाण्यावर तरंगणारी जाळीची छोटी पिशवी शिवली आणि तिचं पेटंट घेतलं. पिंपाच्या कडेला लटकणारी, दर आठवड्याला उलटी करून धुवावी लागणारी आपल्या मशीनमधली जाळी तिच्याच कुळातली.

भारतात हा धंदा १९८०च्या दशकात आकाराला आला. व्हर्लपूलनं १९८७ साली टीव्हीएस समूहाबरोबर भागीदारी करून पाँडिचेरीत मशीन बनवायचं ठरवलं. ब्राझील, मेक्सिको आणि भारत या तिन्ही देशांसाठी मूळ आराखडा एकच होता. त्याची भारतीय परीक्षा साडीनं घेतली: १८ फुटी सहावारी गुंतून गाठ न होता धुतली गेली पाहिजे. आयएफबीनं बॉशच्या तंत्रज्ञानावर गोव्यात वेर्ण्याला फ्रंट लोडचा कारखाना उभा केला. आणि औरंगाबादजवळच्या चितेगावहून व्हिडिओकॉनची मशीन देशभर गेली.

यांतलं सेमी-ऑटोमॅटिक महाराष्ट्रात जास्त रुजलं, कारण ते नळावर अवलंबून नव्हतं. पाणी तासभर येणार, वीज कधी जाईल सांगता येत नाही, अशा गावात बादलीनं भरता येणारं मशीनच कामाचं. ऑटोमॅटिकच्या इनलेट व्हॉल्व्हला पाण्याचा काही किमान दाब लागतो, बहुधा ०.३ बार, म्हणजे सुमारे तीन मीटर उंचीवरच्या टाकीचा. इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर दीड-दोन मीटरच असते. तिथे मशीन भरतच राहतं आणि शेवटी थांबतं. घरमालक मशीनला दोष देतो, मेकॅनिक प्रेशर पंप सुचवतो. त्याच व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेली बारीक चाळणी टाकीतल्या रेतीनं बुजली, तरी लक्षणं तीच दिसतात. ती चिमट्यानं ओढून नळाखाली धुतली की बरेचदा काम भागतं.

उंदरांचा विचार कुठल्याच परदेशी आराखड्यात नव्हता. तळ उघडा असलेल्या टॉप लोडमध्ये ते शिरायचे आणि वायरी कुरतडायचे. म्हणून इथल्या मॉडेलना खाली जाळी बसवायची पद्धत पडली, आणि ती आता जाहिरातीतही मिरवते.

पाण्याच्या प्रमाणापेक्षा त्याची जात जास्त त्रास देते. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट साय होते. या अडचणीतूनच कृत्रिम डिटर्जंट पुढे आले. अमेरिकेत १९४६ साली ‘टाइड’ आलं, भारतात १९५९ साली ‘सर्फ’ आणि १९६९ पासून अहमदाबादेत करसनभाई पटेलांचं ‘निरमा’. डिटर्जंटनं भरपूर फेस दिला आणि फ्रंट लोडची पंचाईत झाली. तिथे कपडे वरून खाली आपटून स्वच्छ होतात, फेसाच्या गादीवर आपटणं बोथट होतं आणि फेस दारातून बाहेर येतो. म्हणून अमेरिकेत १९४०च्या दशकात मोन्सॅन्टोनं कमी फेसाची पावडर काढली. आपल्या दुकानांतल्या ‘मॅटिक’ पावडरीमागे हेच कारण आहे. मळ जास्त म्हणून पावडर जास्त टाकली, की उरलेला लगदा बाहेरच्या पिंपाच्या आतल्या अंगाला बसतो, कुबट वास येतो आणि पिंपाला मागून धरणारा अ‍ॅल्युमिनियमचा ‘स्पायडर’ हळूहळू खाल्ला जातो.

डिटर्जंटनं सायीचा प्रश्न सोडवला, क्षारांचा नाही. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना हीटरच्या कांडीवर पांढऱ्या थराच्या रूपात बसतो. मराठवाड्यात, सोलापुरात बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या फ्रंट लोडमध्ये हा थर लवकर धरतो. मग हीटर जास्त वीज खातो आणि कधीतरी जळतो. थर उतरवायला डिस्केल पावडर किंवा लिंबूसत्त्व घालून मशीन रिकामंच गरम पाण्यावर चालवतात.

पूर्वीच्या मशीनचा मेंदू म्हणजे दातेरी चकत्यांचा टायमर होता. कटकट आवाज करत तो एक-एक काम पुढे ढकले आणि बिघडला तर बदलता येई. १९९० साली मात्सुशितानं ‘फझी लॉजिक’वर चालणारं मशीन आणलं, आणि कपड्यांचं वजन, मळ पाहून मशीन स्वतःच ठरवू लागलं. आता ते आपलं दुखणंही सांगतं. एलजीच्या मशीनवर ‘यूई’ आलं तर कपडे एका बाजूला गोळा झालेत, ‘आयई’ म्हणजे पाणी येत नाही, ‘ओई’ म्हणजे जात नाही, ‘डीई’ म्हणजे दार नीट लागलेलं नाही. ‘ओई’चा गुन्हेगार बहुधा पंपाच्या फिल्टरमध्ये सापडतो: नाणं, हेअरपिन, नाहीतर बाळाचा मोजा.

पण हा मेंदू महाग आहे. दाब कमी-जास्त होणाऱ्या विजेनं सर्किट बोर्ड जळला, की अख्खा बोर्डच बदलायची वेळ येते. काही कंपन्या बाहेरचं पिंप वितळवून सीलबंद करतात. मग नुसतं बेअरिंग गेलं तरी पूर्ण पिंप बदलायची पाळी. युरोपीय संघानं यावर मार्च २०२१ पासून नियम लागू केला. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून दहा वर्षं ठरावीक सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि मागणीनंतर कामाच्या पंधरा दिवसांत. भारतात ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केलं. त्यावर कंपन्या आपली माहिती देतात, पण दहा वर्षांचं बंधन इथे नाही.

व्हिडिओकॉन २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण साध्या सेमी-ऑटोमॅटिकला लागणारे पट्टे, कपॅसिटर, स्पिन टायमर आणि ड्रेन पाइप सुट्या भागांच्या दुकानांत अजून मिळतात, आणि ते मूळ कोणत्या कंपनीच्या मशीनसाठी होते, हे तिथे फारसं कुणी विचारत नाही. मापं जुळली म्हणजे झालं.