पाळ, तुडूम आणि प्रवर समिती

11 ऑक्टोबर 1949 रोजी नागपुरात मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेत एक विधेयक मांडले गेले आणि चारच दिवसांनी ते प्रवर समितीकडे गेले. पूर्व विदर्भात ऑक्टोबर हा धानाच्या निकालाचा महिना. हलका धान पिवळा पडत आलेला असतो, भारी धान मात्र शेवटच्या एका पाण्यासाठी थांबलेला असतो. आकाशातून ते पाणी येण्याचा भरवसा तेव्हा उरलेला नसतो. साकोली तालुक्यातल्या सानगडीसारख्या गावांत पिढ्यानपिढ्या ते तलावातून येत आले. समितीपुढे गेलेल्या विधेयकाने नेमका या तलावांचा मालक बदलणार होता.

सानगडीला सहानगडाच्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि बाहेरून येणारा माणूस तेच पाहायला येतो. या मुलखाचा खरा इतिहास मात्र मातीच्या पाळींत आहे. भंडारा आणि 1 मे 1999 रोजी त्यातून वेगळा झालेला गोंदिया, शेजारचे चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून असे सहा-सात हजार जुने तलाव मोजले जातात. सरकारी कागदांत ते ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलण्यात ‘मामा तलाव’.

पाळ बांधणाऱ्यांत पहिले नाव येते कोहळी समाजाचे. चांद्याच्या गोंड राजाने कोहळ्यांना बनारसहून आणले, अशी आख्यायिका आहे. जो जंगल तोडून तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, हा त्या राजवटीचा शिरस्ताही परंपरेने सांगितला जातो. आख्यायिका बाजूला ठेवली तरी काम डोळ्यांसमोर आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधल्याचे मानतात. गावाने पुढे त्यालाच देव केले आणि तो कोलासूर म्हणून पुजला जाऊ लागला. तलाव बांधणाऱ्या पाटलाला देवपण देणारा मुलूख पाण्याकडे कसा पाहत होता, ते एवढ्यावरून उमगते. इंग्रज अमदानीतल्या अधिकाऱ्यांनीही कोहळ्यांच्या या हातोटीची आवर्जून नोंद केली. 1916 मध्ये आलेल्या रसेलच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या ग्रंथात कोहळी ओळखले जातात ते तलाव आणि ऊस या दोन गोष्टींनी.

ही रचना साधी दिसते, पण तिच्यात फार बारीक निरीक्षण आहे. दोन टेकड्यांमधली चिंचोळी जागा हेरून मातीची पाळ घालायची. एका टोकाला सलंग ठेवायचा, म्हणजे जास्तीचे पाणी पाळ न फोडता निघून जाईल. हे पाणी वाया जात नसे, ते खालच्या तलावाच्या येव्यात जाई. एका नाल्यावर अशी तलावांची उतरंडच लागलेली असे. पाणी सोडायला तुडूम. त्यात वरपासून खालपर्यंत पायऱ्यांसारखी भोके असत. पातळी उतरेल तसे एकेक खालचे भोक उघडायचे, म्हणजे नेहमी वरचे, कोमट आणि गढूळपणा बसलेले पाणी नहरात उतरे. तलावाखाली धानाच्या बांध्या, आणि ज्याला तलावाचे पाणी पोचत नाही त्याने आपल्या शेतात स्वतःची लहान बोडी खोदलेली. उन्हाळ्यात पाणी आटले की तळाची गाद गाड्या भरून शेतात जाई. तलाव खोल होई आणि शेताला खत मिळे.

हे सारे चाले ते मालगुजाराच्या शब्दावर. भोसल्यांच्या काळातले पाटील हे मुळात महसूल गोळा करून भरणारे. 1853 मध्ये तिसरे रघुजी वारले, पुढच्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि पाठोपाठच्या तीस वर्षांच्या जमाबंदीत इंग्रजांनी या पाटलांना गावाचे मालक, म्हणजे मालगुजार, ठरवले. भंडाऱ्याच्या जमाबंदीचा लॉरेन्स या अधिकाऱ्याचा अहवाल 1867 चा आहे. गावाची पडीक जमीन, झुडपे, तलाव, बाजार, सगळे मालगुजारांच्या नावावर लागले. रयतेला सरपण, चराई, घरासाठी लाकूड आणि पाणी यांचा ‘निस्तार’ मिळे. कोणाला काय मिळायचे, पाणी कोणत्या क्रमाने फिरायचे, याच्या गावोगावच्या चालीरीती ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदात उतरवल्या जात.

मालगुजारीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्याच्या हाती तुडूम त्याच्या हाती गाव. पाळीला लागून असलेल्या चांगल्या बांध्या बहुधा पाटलाच्या आणि त्याच्या भावकीच्या. शेवटच्या टोकाच्या कुळाला पाणी मिळे ते मर्जीने, आणि मर्जीची किंमत वेठीने चुकवावी लागे. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला तेव्हा मालगुजारांचे तलाव सगळ्यांना पुरले नाहीत. त्यानंतरच्या सिंचन आयोगाने सरकारला स्वतः तलाव बांधायला लावले. चोरखमारा, बोदलकसा, खैरबंदा, चांदपूर, घोराझरी, आसोलामेंढा ही नावे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतली. 1931 मध्ये मध्य प्रांताचा स्वतंत्र पाटबंधारे कायदा आला. म्हणजे 1949 च्या आधीच या भागात दोन तऱ्हेचे पाणी वाहत होते. एक सरकारी कालव्याचे, आकारणी होऊन मिळणारे. दुसरे गावच्या पाळीचे, चालीरीतीने मिळणारे.

मालगुजार-जमीनदार या मध्यस्थांची साखळी मोडावी, असा ठराव प्रांताच्या विधानसभेने सप्टेंबर 1946 मध्येच केला होता. पंडित रविशंकर शुक्ल प्रांताचे पंतप्रधान, सभापतीच्या आसनावर घनश्यामसिंह गुप्त. ठरावाचे विधेयक व्हायला तीन वर्षे लागली आणि ते समितीत असतानाच 26 जानेवारी 1950 उजाडला. प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले आणि ज्या घटनेच्या कसोटीला हा कायदा पुढे लावला जाणार होता ती घटनाही लागू झाली. समितीने 9 मार्च 1950 रोजी अहवाल दिला. महिनाअखेरीस सभागृहात कलमवार चर्चा झाली आणि 5 एप्रिलला विधेयक मंजूर झाले. राष्ट्रपतींची संमती मिळाली 22 जानेवारी 1951 ला. गावे सरकारजमा होण्याची तारीख ठरली 31 मार्च 1951.

या कायद्याचे चौथे कलम शांतपणे वाचण्यासारखे आहे. मालकाकडून सरकारकडे काय-काय जाणार याची त्यात यादी आहे. पिकाऊ आणि नापीक जमीन, गवताळ जमीन, झुडपी जंगल, वन, झाडे, मासेमारी, विहिरी, तलाव, बोड्या, पाट, घाट, वाटा, गावठाण, हाट, बाजार, जत्रा आणि जमिनीच्या पोटातली खनिजेसुद्धा. नैसर्गिक साधनसंपत्तीची ही सविस्तर मोजदादच आहे. पाचव्या कलमात अपवाद आहेत आणि त्यात तलावांचा विचार वेगळा केलेला आहे. वहितीतल्या जमिनीवरचे तलाव ज्याचे त्याच्याकडे राहिले. पडीक जमिनीवरचा एखादा तलाव असा असेल की त्याच्या पाण्यावर मालकाखेरीज दुसऱ्या कोणाचाही ओलिताचा हक्क नाही, तर तोही मालकालाच ठेवता येई. हे न्याय्य कलम आहे. ज्या पाण्यावर गावाचा हक्क आहे ते पाणी खासगी राहू नये, हा त्यामागचा विचार स्पष्ट आहे, आणि तो करणाऱ्यांविषयी आदर वाटतो.

मालगुजार आणि जमीनदार गप्प बसले नाहीत. अहेरीचे जमीनदार विश्वेश्वर राव आणि इतर अनेक जण सर्वोच्च न्यायालयात गेले. मोबदला अपुरा आहे, यात सार्वजनिक हेतू नाही, हे नेहमीचे मुद्दे होतेच. त्यांच्या जोडीला एक मुद्दा विधानसभेच्या कामकाजाचाच होता. 5 एप्रिलच्या छापील कामकाजात विधेयक मंजूर करण्याचा प्रस्ताव मतास टाकल्याची नोंद दिसत नाही, तेव्हा ते मंजूरच झाले नाही, असा युक्तिवाद झाला. हजारो गावांची मालकी एका छापील पानातल्या गाळलेल्या ओळीवर येऊन थांबली होती. न्यायालयाने सभापतींच्या सहीचे मूळ कामकाज ग्राह्य धरले आणि मुद्दा फेटाळला. मधल्या काळात 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने हा कायदा नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवला होता. मे 1952 मध्ये निकाल लागला आणि कायदा टिकला.

तो टिकला हे चांगलेच झाले. मात्र 31 मार्चनंतर दहा आठवड्यांत पावसाळा येतो. पाळीला उंदीर-घुशींनी पाडलेली बिळे बुजवायची, सलंगाची दगडबांधणी तपासायची, तुडुमाची बुचे बदलायची, नहरातली माती काढायची, ही कामे चैत्र-वैशाखातली. आजवर मालगुजार ती गावाकडून करवून घेत असे, कधी धानाच्या मोबदल्यात, कधी नुसत्या हुकमाने. मालकी सरकारकडे गेली त्या दिवशी हुकूम करणारा गेला, आणि त्याच्या जागी पाळीवर उभे राहणारे कोणी आले नाही. आषाढातल्या झडीत रात्री अकरा वाजता सलंग तुंबला तर तो मोकळा करायला मालकीचे कलम धावून येत नसते. या इतिहासात काही चुकले असेल तर ते इथे. पाळ राखण्याचे काम, त्याचा अधिकार आणि त्याचा खर्च मालकीबरोबरच गावाच्या हाती रीतसर द्यायला हवा होता. वेठ गेली पाहिजे होती, राखण राहिली पाहिजे होती.

पुढचे सगळे कायदे या पोकळीभोवती फिरत राहिले. 1956 मध्ये भंडारा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशींवरून 1961 चा जिल्हा परिषद कायदा झाला. त्यानंतर 100 हेक्टरपर्यंत ओलिताची क्षमता असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी वाटणी झाली. एकाच नाल्यावरच्या उतरंडीतला वरचा तलाव एका कार्यालयाचा आणि खालचा दुसऱ्याचा असू शकतो, हा त्याचा परिणाम. पाण्याला ही वाटणी ठाऊक नसते. वरचा सलंग खचला की खालच्या पाळीवरचा भार वाढतो.

1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने मुंबई, मध्य प्रदेश आणि हैदराबाद अशा तीन राजवटींचे महसूल कायदे एकत्र आणले. विदर्भासाठी तिने निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज दोन्ही जपले. कलम 161 पासून पुढे ते सापडतात. पण कलम 165 ची मर्यादा पाहण्यासारखी आहे. ओलिताच्या आणि मासेमारीच्या चालीरीती नोंदवायच्या त्या सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या जमिनीबाबत आणि पाण्याबाबत. मामा तलाव तर 1951 मध्येच सरकारचे झाले होते. ज्या पाण्याभोवती सर्वांत जुन्या आणि सर्वांत तपशीलवार चालीरीती होत्या, नेमके तेच पाणी या नोंदीच्या कक्षेबाहेर राहिले. तलावातली मासळी ही ढिवरांची पिढीजात उपजीविका. त्यांना आता सहकारी संस्था करून त्याच तलावाचा ठेका घ्यावा लागतो.

2005 मध्ये सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा आला आणि पाणी वापर संस्थांना कायद्याचे बळ मिळाले. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली. तलावाची गाद शेतात नेण्याचे काम कोहळ्यांच्या गावांत दरसाल आपोआप होत असे. त्याच कामासाठी आता शासन निर्णय निघतो. तो निघतो हेही स्वागतार्ह आहे, कारण गाळाने उथळ झालेला तलाव ऑक्टोबरातले ते शेवटचे पाणी देऊ शकत नाही.

1950 च्या कायद्याच्या यादीतली झुडपी जंगले आजही वादात आहेत. तलावाचा येवा ही झुडपी जंगले असलेल्या उतारांवरूनच येतो. झुडपे आणि गवत माती धरून ठेवतात म्हणून तलावात पाणी जास्त आणि गाळ कमी पोचतो. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने निकाल दिला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली झुडपी जमीन वन समजावी, असे त्यात म्हटले आहे. ही जमीन सुमारे 86 हजार हेक्टर आहे. 12 डिसेंबर 1996 पूर्वी रीतसर वाटप झालेल्या जमिनींसाठी राज्याला केंद्राची परवानगी मागता येईल. वनाला लागून नसलेले तीन हेक्टरांहून लहान तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करायचे आहेत. 25 ऑक्टोबर 1980 नंतरची अतिक्रमणे काढण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष पथक नेमायचे आहे. उपविभागीय दंडाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, सहायक वनसंरक्षक आणि तालुका भूमी अभिलेख निरीक्षक असे चौघे त्या पथकात असतील. या उतारांखालच्या पाळी ज्यांच्या ताब्यात आहेत, त्या जिल्हा परिषदेचा किंवा पाटबंधारे खात्याचा एकही माणूस त्यांत नाही.