नदी, कालवा आणि शेजारी

प्राचीन संस्कृती नद्यांच्या काठी उदयास आल्या, हे आपण शालेय जीवनापासून ऐकत आलो आहोत. परंतु नदीकाठी राहणे सुखाचे होते काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. टायग्रिस व युफ्रेटिस या नद्यांचा दुआब, म्हणजे प्राचीन मेसोपोटेमिया, आजच्या इराकमध्ये मोडतो. उत्पत्तीच्या पुस्तकात एदेन बागेच्या संदर्भात ज्या चार नद्या येतात, त्यांत या दोघींचा समावेश आहे. त्यामुळे ही भूमी जणू आपोआप पिकत असावी, असा आपला समज होतो. वस्तुस्थिती निराळी होती.

दक्षिण इराकमध्ये वर्षाकाठी 200 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. इजिप्तमध्ये नाईलचा पूर पेरणीपूर्वी येई आणि शेते भिजवून ओसरे. मेसोपोटेमियात मात्र उत्तरेकडील पर्वतांवरचे बर्फ वितळून एप्रिल-मे महिन्यांत पूर येई. त्या वेळी जवाचे पीक कापणीस आलेले असे. पेरणीच्या हंगामात नदी आटलेली आणि कापणीच्या हंगामात दारात उभी, अशी ही अवस्था!

म्हणून कालवे खणावे लागले, बांध घालावे लागले, साचलेला गाळ पुनःपुन्हा उपसावा लागला. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हते. अनेक हात एकत्र आले की धान्याच्या वाटपाचा हिशेब ठेवणे ओघानेच आले. इ. स. पूर्व 3200 च्या सुमारास उरुक नगरात मातीच्या पाट्यांवर लेखन सुरू झाले. त्या आरंभीच्या पाट्यांत प्रामुख्याने धान्य, गुरे व श्रमिकांना दिलेला शिधा यांच्याच नोंदी आढळतात.

पाणी माणसे जोडते, तशी तोडतेही. लगाश व उम्मा ही शेजारची नगरे सीमेवरील सुपीक शेतांसाठी व पाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या लढली. पुढे इ. स. पूर्व अठराव्या शतकात बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने आपल्या संहितेत या प्रश्नाची दखल घेतली. ज्याने आळसाने आपला बांध दुरुस्त केला नाही आणि त्यामुळे इतरांची शेते बुडाली, त्याने त्यांचे धान्य भरून द्यावे. ऐपत नसेल, तर त्याला व त्याच्या मालमत्तेला विकून आलेली रक्कम नुकसान झालेल्यांत वाटावी, असा हा कठोर कायदा होता.

पाण्याबरोबर क्षारही येत. निचरा नीट न झाल्यास ते जमिनीत साचत. गहू क्षार फारसा सोसत नाही, जव अधिक सोसतो. दक्षिणेत गव्हाची जागा हळूहळू जवाने घेतली, ती याच कारणाने, असे जेकबसन व अ‍ॅडम्स या अभ्यासकांनी 1958 मध्ये प्रतिपादिले. क्षारांचा हा परिणाम कितपत झाला, याविषयी पुढे मतभेदही झाले.

नदीने पाणी दिले, गाळ दिला. परंतु त्या खोऱ्यातील नगरे उभी राहिली ती आपल्या बांधाची चिंता वाहणाऱ्या माणसांमुळे. त्या बांधाला पडलेले भगदाड शेजाऱ्याच्या ताटातील घास हिरावून घेते, हे त्यांनी चार हजार वर्षांपूर्वीच कायद्यात लिहून ठेवले होते.